अनुभव धागा : दाताच्या डॉक्टरकडे घरातल्या कुणाला नेलंत आणि काय झालं?

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या घरातली तीन माणसं दाताच्या खुर्चीत बसून आली. सासूबाई (वय ७८), मुलगा (वय ८) आणि गुरुवारी मी. माझं साधं रूट कॅनल होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सासूबाईंना कवळी टोचत होती. पण कुणाला त्रास नको म्हणून दोन महिने त्या वरणात पोळी कुस्करून खात होत्या आणि आम्ही समजत होतो की भूक कमी झालीय.

मुलाच्या बाबतीत चूक माझी. त्याची मागची दाढ काळी दिसत होती. दुधाची आहे, पडेलच, असं मी वर्षभर म्हणत बसले. ती पडणारी नव्हतीच! सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ कुठलाही दात न पाडता दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. आईबापांना पत्ताही लागत नाही. आमची थोडक्यात वाचली, सिमेंट भरून भागलं.

नाशिकमध्ये दाताच्या दवाखान्यांची वाण नाही. कॉलेज रोडला तर पाटी वाचल्याशिवाय चहाही मिळत नाही. पण लहान मूल, म्हातारं माणूस, गोळ्या चालू असलेलं, खुर्चीत बसूच न शकणारं माणूस घेऊन गेल्यावर काय होतं, ते लिहा. डॉक्टरांची नावं नकोत, तक्रार असेल तर दवाखान्याचंही नको. त्यांनी काय विचारलं आणि आपलं काय सांगायचं राहून गेलं, तेवढं मात्र जरूर लिहा.

पाथर्डी फाट्यावरची आई

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मोठं लिहिणार आहे, वाचा.

त्याच्या तोंडात ब्रश घालणं हीच आमच्याकडे रोजची लढाई. पेस्टचा फेस त्याला सहन होत नाही, पुदिन्याची चव तर तिखट लागते. सात वर्षांचा असताना दाढ सुजली म्हणून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे मी, नवरा आणि दोन मदतनीस अशा चौघांनी धरून त्याचं तोंड उघडलं. काम पाच मिनिटांत झालं. त्याची किंमत आम्ही पुढे दीड वर्ष मोजली. तो रस्ता आला की रिक्षात किंचाळायचा. घरात कुणी टॉर्च लावला तरी तोंडावर हात.

दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या त्या लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञ. त्यांनी भेटीची वेळ देण्याआधी फोनवर वीस मिनिटं मला प्रश्न विचारले. कुठला आवाज त्याला चालत नाही? अंगाला हात लावलेला चालतो का? गालाला? आवडतं काय? पंखा, मी म्हटलं. छताचा पंखा. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जाऊन फक्त पंखा बघितला आणि परत आलो. फी घेतली नाही. दुसऱ्यांदा खुर्ची वर-खाली केली, लिफ्टसारखी. तिसऱ्यांदा छोटा आरसा हातात दिला, चौथ्यांदा तो आरसा त्याच्या ओठापर्यंत गेला. मधल्या काळात दवाखान्याचं दार, खुर्ची, दिवा, डॉक्टरांचा मास्क यांचे फोटो ओळीने आमच्या फ्रिजवर. रोज रात्री आम्ही ते बोटाने मोजायचो.

वेळ नेहमी सकाळची पहिली, म्हणजे बाहेर गर्दी नाही आणि ताटकळणं नाही. डोळ्यांवर त्याचा काळा गॉगल, कानांवर हेडफोन. डॉक्टर मोठ्याने दहा आकडे मोजायच्या आणि दहा झाले की हात खरंच बाहेर. काम अर्धवट असलं तरी बाहेर. ‘अजून एकदाच हं’ नाही. सहाव्या खेपेला दात साफ झाले आणि मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये रडले.

तरीही सगळं खुर्चीत होण्यासारखं नव्हतं. किडलेल्या दाढा जास्त होत्या. शेवटी हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत काम केलं. आधी रक्ताच्या तपासण्या, बालरोगतज्ज्ञांचं पत्र, भूलतज्ज्ञांची भेट, उपाशीपोटी. एक दाढ काढली, तीन भरल्या, दोन दुधाच्या दाढांना स्टीलच्या टोप्या बसवल्या. नातेवाईक म्हणाले, दातासाठी कुणी भूल देतं का? देतात. आता दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप लावायला जातो. पंखा अजून तोच आहे.

सिडकोतली मावशी

वरचं वाचून गप्प बसले. आमच्या भाचीला काही आजार नाही, नुसती भीती, आणि ती आम्हीच घातलेली. ‘दंगा केलास तर दाताच्या डॉक्टरकडे नेईन, ते सुई टोचतील’ हे आमच्या घरचं ब्रह्मास्त्र होतं. मग खरंच न्यायची वेळ आली तेव्हा काय होणार?

निफाडकर

आम्ही शेतकरी माणसं, लिहायची सवय नाही. वडील (आम्ही दादा म्हणतो) ६९ वर्षांचे. दोन वर्षांमागं स्टेंट टाकलेली, रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या चालू, शुगर पण आहे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीची गडबड, त्यात दाढ ठणकायला लागली. शेजारच्यानं सांगितलं, दाढ काढायची तर त्या गोळ्या चार दिवस बंद करा, नाहीतर रक्त थांबायचं नाही. दादांनी केल्या बंद. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही.

नाशिकला गेलो. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी बघितली आणि विचारलं, आज सकाळी घेतल्या का? दादा म्हणाले, बंद केल्यात, तयारीनं आलोय. डॉक्टर आधी आमच्यावर तापले. दाढेतनं रक्त आलं तर ते दाबून थांबवता येतं, स्टेंट बंद पडली तर काय दाबणार? त्यांनी तिथूनच हृदयाच्या डॉक्टरला फोन लावला, गोळ्या चालू करायला सांगितल्या आणि आम्हाला तसंच माघारी धाडलं. एवढा दीड तासाचा हेलपाटा, दादा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली. सकाळची वेळ, नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन यायला सांगितलेलं. टाका घातला, कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायला लावला आणि रक्त थांबल्याशिवाय खुर्चीतून उठू दिलं नाही. काही झालं नाही. आता दादा गावात सगळ्यांना सांगत फिरतात की गोळ्या बंद करायच्या नसतात, जसा काही शोध त्यांनीच लावला.

धागाकर्ती

दादांना नमस्कार सांगा. सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी आम्हीही नेली नव्हती. ‘बीपीची एक आणि ती पांढरी’ एवढंच सांगितलं.

सातपूरचा फिटर

अंबडला कंपनीत आहे. सुपारी-तंबाखूचा मावा खायचो, दिवसाला चार-पाच पुड्या, वीस वर्षं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण ज्याला खायचंय त्याला टपरी सापडते, हे आपण सगळे जाणतो.

मला पहिली खूण मिसळीनं दिली. रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो, तर तर्रीचा पहिला घास आणि तोंडात आग. मी म्हटलं, आज तिखट जास्त पडलं. बाकीचे मजेत खात होते. पुढं साधी भाजी झोंबायला लागली. नाशिकचा माणूस आणि दह्यात कालवून मिसळ खातो म्हणून चेष्टा झाली. मीही हसलो. असं वर्ष गेलं.

दाढ दुखते म्हणून गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोठा आ करा. केला. अजून मोठा. एवढाच होतो साहेब. त्यांनी माझीच बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या तोंडात तीन जातात, माझी दोन जेमतेम. गालाच्या आतली कातडी सुपारीनं ताठ होत जाते म्हणे, आणि तिचा पुढं कर्करोगही होऊ शकतो. तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला नाही. ते तीन दिवस कसे काढले ते लिहीत नाही.

मावा सोडला. गालात इंजेक्शनं झाली, आता तोंड उघडायचे व्यायाम चालू आहेत. कडक झालेला गाल पूर्ण पहिल्यासारखा होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दाढेचं कामही अवघड गेलं, कारण हत्यार आत जायला जागाच नाही. ज्यांना तिखट अचानक झोंबायला लागलंय त्यांनी दही मागवू नये, आरसा मागवावा.

गंगापूर रोड, नवी आई

चौथ्या महिन्यात हिरड्या सुजून ब्रशवर रक्त यायचं, एक दाढ रात्री झोपू देईना. आई आणि सासूबाई दोघींचं एकमत (असं क्वचित होतं) की बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावायचा नाही. आईचं तर ठाम मत, बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं. ओढत नाही. हिरड्या सुजतात त्या हार्मोन्समुळे, आणि वरचेवर उलट्या झाल्या तर आम्लाने दात झिजतात. उलटीनंतर लगेच ब्रश न करता आधी चूळ भरायची, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन ओळी लिहून दिल्या, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे म्हणून दाढेचं काम तेव्हाच उरकलं. शिशाचा एप्रन घालून एक एक्स-रे, जागा बधिर करायचं नेहमीचं इंजेक्शन. मुलगी आता दीड वर्षाची आहे आणि मलाच चावते.

पंचवटीकर

आमच्या आजोबांची कवळी गोदामाईने घेतली. पर्वणी-बिर्वणी काही नव्हती, साधी सोमवारची आंघोळ. रामकुंडात डुबकी मारली, वर येऊन ‘गंगे च यमुने’ म्हणायला गेले तर खालची कवळी प्रवाहात. घाटावर हशा, आजोबाही हसले, पण घरी आल्यावर बोलेनात. दात नसताना पाहुण्यांसमोर येत नसत. वय ८२, म्हणायचे, आता किती दिवस राहिले, कशाला खर्च?

खर्चाचा मुद्दा पंचवटीतल्या हिरे दंत महाविद्यालयात सुटला. वेळ मात्र लागतो, आधीच सांगतो. माप, मेणाचा साचा, दात लावून बघणं, पुन्हा दुरुस्ती, अशा सहा-सात खेपा झाल्या. काम विद्यार्थिनी करायची आणि प्रत्येक पायरी सर येऊन तपासायचे. घाई नसल्यामुळे ती आजोबांशी बोलायची. पंधरा वर्षं दात नसले की खालचं हाड झिजून हिरडी सपाट होते, म्हणून खालची कवळी हलणारच, हे तिने त्यांना नीट समजावलं. आम्हाला कुणी ते आधी सांगितलंच नव्हतं. आम्ही आपले जुन्या कवळीला नावं ठेवत होतो.

नवी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. धुताना खाली पाण्याने भरलेला टोप, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. आणि रामकुंडावर जाताना खिशात डबी. हा नियम त्यांचा स्वतःचा.

नाशिक रोड, चाकाच्या खुर्चीवरून

थोडक्यात लिहितो. मी फोनवर एकच विचारतो, लिफ्ट आहे का? ‘पहिलाच मजला आहे, आम्ही उचलून घेऊ’ असं उत्तर आलं की फोन ठेवतो. मी पोतं नाही. सध्या जिथे जातो तिथे तळमजला आहे आणि माझ्याच खुर्चीत मला मागे रेलवून, मानेखाली उशी देऊन दात साफ करतात.

देवळालीचा एक दातांचा डॉक्टर

वरचा प्रतिसाद वाचून ओशाळलो. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि ‘उचलून घेऊ’ हे वाक्य मीही बोललो आहे.

आमच्या बाजूने एकच सांगतो. पेशंट तोंड दाखवायला येतो आणि बाकीचं शरीर घरी ठेवून येतो. मागच्या वर्षी एका काकूंची हलणारी दाढ काढायची होती. गोळ्या विचारल्या, नाही म्हणाल्या. इंजेक्शन? नाही. उठता उठता म्हणाल्या, ते हाडांचं वर्षातून एकदा सलाइनमधून घेते तेवढंच. तेवढंच नव्हे काकू! ठिसूळ हाडांच्या त्या औषधामुळे काही जणांत दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. थांबलो, त्यांच्या डॉक्टरांशी बोललो, वेगळा मार्ग काढला. हृदयाची झडप बदललेली असेल तर दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो. तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार ठरले असतील तर ते सुरू व्हायच्या आधी दात दाखवावेत, नंतर दात काढणं फार जोखमीचं होतं. यातलं काहीही दातांकडे नुसतं बघून मला कळत नाही.

शाळेतल्या बाई

गोल्फ क्लब मैदानावर सामना होता. चेंडू तोंडावर बसला आणि सहावीतल्या मुलाचा पुढचा दात मुळासकट मातीत. चहाच्या टपरीवरून कपभर थंड दूध घेतलं, दात मुळाला हात न लावता वरून धरला, न घासता दुधात टाकला आणि रिक्षा. अर्ध्या तासात डॉक्टरांनी परत बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला. दुधाचा दात असता तर परत बसवत नाहीत. पडलेला दात कसा न्यायचा हे मला माहीत होतं कारण दोन वर्षांपूर्वी असाच एक दात मी रुमालात गुंडाळून, स्वच्छ घासून, दोन तासांनी नेला होता. तो वाचला नाही.

इंदिरानगर, मुलगी

आईला विस्मरण आहे. कवळी काढून कुठेही ठेवते. तुळशीच्या कुंडीत, तांदळाच्या डब्यात, एकदा माझ्या पर्समध्ये. आता आतल्या बाजूला तिचं नाव घालून घेतलंय. पण गेले पंधरा दिवस ती काढूच देत नाही, रात्रीही नाही. जवळ गेलं की हात झटकते. कुणी यातून गेलंय का?

पाथर्डी फाट्यावरची आई

हो, तोंडाला हात लावू न देणारा एक घरात आहे. तिच्यासमोर बसून आधी तुम्ही तुमच्या तोंडात बोट घाला, दातांना हात लावा. काढायला सांगू नका. दोन-तीन दिवस नुसतं तेवढंच. आणि हिरडी लाल झालीय का, कवळी टोचतेय का, हे डॉक्टरांना घरी येऊन बघता येतं का ते विचारा; टोचत असेल म्हणूनच हात लावू देत नसेल. तुमच्या आईंना आवडतं काय?

इंदिरानगर, मुलगी

गजरा.