जुनी फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर, किती द्यावेत? मदत हवी आहे

मंडळी, २०१८ ची बीएस-४ बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी), एमएच-०९ पासिंग बघितलीय. मालक साडेपाच लाख म्हणतोय, सव्वापाचला तुटेल असं वाटतंय. वापर गगनबावड्याकडच्या शेतावर, पावसाळ्यात लाल चिखलाचा चढ हाय, त्यामुळं टू व्हील ड्राईव्हवाली (फक्त मागच्या चाकांना ताकद जाणारी) घ्या असं कृपया सांगू नका, आणि नवीन गाडीचं बजेट नाही, पैसे रोख देणार.

एमपरिवहन ॲपवर बघितलं, कर्ज चढलेलं नाही, फिटनेस इन्शुरन्स चालू. आठ वर्षं झाल्यावर पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी करावं लागणार तो खर्च धरलाय. उद्यमनगरातल्या मिस्त्रीला दाखवली, इंजिन बरं म्हणाला पण चेसिसला मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ वेल्डिंग केलेलं दिसलं, आधी चिरे वाहिलेत बहुतेक. डांबरीवर फोर बाय फोर टाकून वळवू नये म्हणून खडीवर नेऊन बघितली, फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लगेच पडतो, फोर-लो (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) टाकला की पुढनं करकर आवाज येतोय. मिस्त्री म्हणतो खोलल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मालक खोलू देईना (साहजिकच हाय म्हणा).

त्याच सालाच्या टू व्हीलवाल्या इकडं साडेचारच्या आसपास जातात. तर फोर बाय फोरचे वरचे किती धरायचे, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) किंवा पुढचा एक्सल उघडायचा झाला तर त्यातनं किती कापून बोलायचं?