दोन-तीन जड वस्तूंसाठी हमाल

तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसताना, लोखंडी कपाट आणि फ्रिज उतरवण्यासाठी खात्रीची माणसे कुठे मिळतील, या प्रश्नाबाबत माझा पुण्यातील अनुभव सांगतो. एवढ्याच कामासाठी घर हलवून देणारी मोठी कंपनी लावणे मला परवडण्याजोगे वाटत नाही. त्यापेक्षा जवळच्या फर्निचरच्या दुकानात चौकशी करावी, कारण त्यांची कपाटे रोज घरोघरी चढवणारे हमाल आणि टेम्पोवाले ठरलेले असतात, आणि दुकानदाराची ओळख हीच मोठी खात्री असते.

आमच्याकडे फोनवर ठरलेली रक्कम सामान टेम्पोत चढल्यावर जवळजवळ दुप्पट झाली, कारण जिना अरुंद आहे हे आधी कळले नव्हते, असे हमाल म्हणाले. तेव्हापासून मी जिन्याच्या वळणाचा फोटो आधी पाठवतो आणि मजले, माणसे व टेम्पोचे भाडे धरून एकच आकडा लिहून घेतो.

कपाट रिकामे करून त्याची दारे दोरीने बांधावीत. फ्रिज उभाच न्यावा. आडवा करावाच लागला, तर नव्या जागी काही तास उभा ठेवूनच सुरू करावा.

घासाघीस जरूर करावी, परंतु पाठीवर कपाट घेऊन उतरणाऱ्या माणसाची मजुरी पाडू नये. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो याच कष्टांची दखल घेऊन.