हेडफोनसाठी आठ हजारांच्या आत डॅक सुचवा (कोल्हापूर)

रंकाळवेस

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत जुन्या घरात राहतो. घरचे झोपले की रात्री तास-दीड तास गाणं ऐकायचं, हा माझा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ. मामेभाऊ आधी स्टुडिओत काम करायचा, त्याने त्याचा बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो मला दिलाय. २५० ओहमचा. हेडफोन झकास आहे, पण माझ्या लॅपटॉपला तो झेपत नाही असं दिसतंय.

अडचणी दोन. एक म्हणजे आवाज पूर्ण वर नेला तरी विलंबित आलाप बारीकच ऐकू येतो. सिनेमाची गाणी ठीक वाजतात. दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. स्क्रीनवर पान वर-खाली सरकवलं की कानात बारीक किर्रर्र येते, आणि चार्जर लावला की त्यात घूंऽऽ अशी भर पडते. तानपुरा चालू असतो आणि त्याच्या खालून हे सगळं ऐकू येत राहतं.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, त्यातही जयपूर-अत्रौली घराणं जास्त. काही सीडीवरून उतरवलेल्या फाइल्स आहेत, बरंचसं यूट्यूबवर. बजेट आठ हजार. राजारामपुरीत विचारलं तर गेमिंगचं साउंड कार्ड दाखवतात. नुसता डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) घ्यावा की डॅक आणि आवाज वाढवणारा अँप एकत्र? आणि ईएसएस, एकेएम, सिरस यांपैकी कोणती चिप चांगली? नीट सांगा, पैसे एकदाच घालायचे आहेत.

कसबा_बावडा

भावा, डॅक नंतर बघ, आधी घरातलं अर्थिंग बघून घे. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतंय, पण तिसऱ्या भोकात मागं वायरच जोडलेली नसती. चांगल्या वायरमनला बोलव, टेस्टरवर भागवू नको, मीटर लावून बघायला सांग. आणि कुणी सांगितलं की चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाक, घूं बंद होईल, तर अजिबात ऐकू नको. घूं जाईल, पण जीवावर बेतंल.

शाहूपुरी_सर्किट

कसबा बावड्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, अर्थिंग कसंही करून घ्याच. आता किरकिरीचं. लॅपटॉपमध्ये साउंडची चिप मदरबोर्डवरच बसवलेली असते, शेजारी प्रोसेसरला वीज पुरवणारे रेग्युलेटर. पान सरकवलं की प्रोसेसरचा करंट झटक्यात बदलतो आणि तो गोंगाट अ‍ॅनालॉग भागात शिरतो. म्हणून ती किरकिर नेमकी तुमच्या बोटाच्या हालचालीबरोबर येते. बाहेरचा यूएसबी डॅक लावला की लॅपटॉपमधून फक्त आकडे बाहेर पडतात, त्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर त्या गोंगाटापासून लांब होतं. ही तक्रार हजार रुपयांच्या डोंगलनेही (यूएसबीत लावायचा छोटा डॅक) बहुतेक सुटते.

चार्जरची घूं वेगळी. ती ओळखायची साधी खूण: चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घूं गेली तर कारण विजेच्या वाटेत आहे. यूएसबीवरच चालणारा छोटा डॅक आणि त्याला थेट हेडफोन, अशी जोडणी असेल तर अर्थिंगचा लूप सहसा तयारच होत नाही, कारण हेडफोन दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जोडलेला नसतो. वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा अँप मध्ये आला की ती शक्यता पुन्हा येते.

आता आवाज कमी का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची खरेदी त्यावरच ठरणार आहे. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. २५० ओहमवाल्याची संवेदनशीलता कंपनी १ मिलिवॉटला ९६ डेसिबल सांगते. आता हिशोब करा. १ व्होल्ट दिला तर २५० ओहममध्ये ४ मिलिवॉट जातात, म्हणजे ६ डेसिबल वाढून १०२. हे झालं सगळ्यात मोठ्या क्षणाचं माप. शास्त्रीय ध्वनिमुद्रणात तिहाईवर किंवा द्रुत लयीतल्या तबल्यावर आवाज उसळतो, आलाप त्याच्या २५-३० डेसिबल खाली असतो. म्हणजे आलाप कानावर पडतो ७२-७७ डेसिबलला. बऱ्याच लॅपटॉपच्या सॉकेटमधून तर पुरता १ व्होल्टही निघत नाही. सिनेमाची गाणी मुळातच दाबून सपाट केलेली असतात, म्हणून ती तुम्हाला ठीक वाटतात.

२ व्होल्ट मिळाले की १६ मिलिवॉट, १०८ डेसिबल. तुमच्यासाठी एवढं भरपूर. तेव्हा चिपचं नाव बाजूला ठेवा आणि खोक्यावर तीन गोष्टी बघा: ३.५ मिमीच्या भोकातून २ व्होल्ट मिळतात का, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे डॅकचा स्वतःचा विद्युत अडथळा, कमी आहे का (हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, तुमच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते), आणि भारतातली वॉरंटी आहे का.

तानपुरा

मी देवल क्लबच्या मैफलींना जाते, घरी ऑडिओ-टेक्निका एम४०एक्सवर ऐकते. डॅक म्हणजे अ‍ॅपलचा यूएसबी-सी डोंगल, हजाराच्या आसपासचा. माझा हेडफोन ३५ ओहमचा आहे, त्याला १ व्होल्ट पुष्कळ होतो. रंकाळवेस, तुमच्या २५० ओहमला तो कमी पडेल असं मलाही वाटतं. घ्यायचाच असेल तर खोक्यावर ए२१५५ नंबर नाही ना ते पाहून घ्या, तो युरोपातला आहे आणि आवाजाला आणखी कमी. शिवाय हा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर निम्म्याच आवाजात वाजतो, विंडोजवर तसं होत नाही.

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसला दाबलेला असतो, आणि त्यातही कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली बैठक असेल तर कॅसेटची सळसळ, तिचा वेग कमी-जास्त झालेला, सगळं तसंच राहणार. केसरबाई, मोगूबाई यांची जुनी ध्वनिमुद्रणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची, तीन-साडेतीन मिनिटांची. त्यांत वरच्या पट्टीतले बारीक तपशील मुळातच उतरलेले नाहीत. आठ हजारांचा डॅक लावा की ऐंशी हजारांचा, तबकडीवर जे नाही ते येणार नाही. उलट चांगल्या हेडफोनवर खरखर जास्त स्पष्ट ऐकू येते. बजेटमधले दोन-अडीच हजार वाचले तर मूळ सीडी विकत घ्या, किंवा लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेला आवाज) मिळणाऱ्या सेवेचं वर्गणीचं बघा. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेससाठी वेगळे पैसे पडत नाहीत. एकाच रागाचं चांगलं आणि वाईट ध्वनिमुद्रण यांत जो फरक आहे, तो दोन डॅकमध्ये मला कधी सापडला नाही.

परीक्षा करायची तर तानपुऱ्यावर करा. खर्जाची तार छेडल्यावर जवारीचा झणकार हळूहळू उलगडत जातो आणि पुढची तार छेडेपर्यंत विरत नाही. ते शेपूट शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आलं, त्याखाली किरकिर नसली, की डॅकने आपलं काम केलं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

मी थोडं वेगळं सांगतो. डोंगल मी वापरलेत, पण शेवटी टेबलावरच्या डॅक-अँपवरच स्थिरावलो. फिओ के११ आहे. मोठं चाक हाताशी असतं, ६.३५ मिमीची जाड पिन थेट बसते, टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट आहे. आवाज भरदार वाटतो, गायकाच्या गळ्याला वजन येतं. बजेटच्या बाहेर जातो हे मान्य, पण दोन महिने थांबून घ्या असं मी म्हणेन.

शाहूपुरी_सर्किट

के११ उत्तम यंत्र आहे, सोयीसाठी घेतलं तर पैसे वाया जात नाहीत. पण ‘भरदार’ वाटण्याबद्दल एक विनंती. दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी एकसारखी केली होती का? अर्ध्या-एक डेसिबलचा फरक कानाला ‘जास्त आवाज’ म्हणून कळत नाही, ‘जास्त चांगला’ म्हणून कळतो. घरी करता येतं: १०० हर्ट्झची टोन फाइल लावा, पिनेवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा, दोन्हीकडे सारखे करा. (साधा मल्टीमीटर १ किलोहर्ट्झला खात्रीचं माप देत नाही, म्हणून १००.) मग कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. हे मी मित्रमंडळींत करून घेतो. चिपच्या नावावरून तासन्‌तास वाद घालणारेही मग कोणता कोणता ते सांगू शकत नाहीत. सीडीचे १६ बिट म्हणजे सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. आजचा हजाराचा डोंगलही त्याच्या आसपास किंवा पुढे असतो.

खरा बदल हवा असेल तर फुकटात मिळतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं (ईक्यू) सॉफ्टवेअर टाका आणि ऑटोईक्यू प्रकल्पातली डीटी ७७० ची सेटिंग त्यात भरा. या हेडफोनचं वरच्या टोकाला ८-९ किलोहर्ट्झजवळ एक टोकदार शिखर आहे. सतार, झांज, ‘स’ हा उच्चार तिथे बोचतो. ते खाली आणलं की रात्री दीड तास ऐकूनही कान शिणत नाहीत. मात्र ईक्यू लावताना प्रीअँप (त्याच सॉफ्टवेअरमधली एकूण आवाजाची पातळी) साधारण ६ डेसिबल खाली घ्यावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. म्हणजे मघाचे १०२ झाले ९६. रंकाळवेस, १ व्होल्टचा डोंगल तुम्हाला का पुरणार नाही, ते इथे पक्कं होतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

पातळी मोजून तुलना केली नव्हती, हे खरं. या रविवारी मल्टीमीटर घेऊन बसतो आणि इथेच लिहितो. चाकाची आणि जाड पिनेची सोय मात्र मला हवीच असते.

रंकाळवेस

सर्किटदादा, तानपुराताई, मनापासून आभार. व्होल्टचा हिशोब पहिल्यांदाच कुणी असा उलगडून दाखवला. चार्जर काढून ऐकलं, घूं लगेच गेली, किर्रर्र राहिली. वायरमनला निरोप दिलाय. आता बघत असताना मूनड्रॉप डॉन प्रो दिसला, पाच हजारांच्या आसपास. त्याला ४.४ मिमीचं बॅलन्स्ड भोकही आहे, तिथून ४ व्होल्ट मिळतात म्हणे. ते वापरू का?

शाहूपुरी_सर्किट

वापरता येणार नाही, आणि गरजही नाही. डीटी ७७० ची वायर हेडफोनला कायमची जोडलेली असते आणि दोन्ही कानांची परतीची तार एकाच पिनेवर येते. बॅलन्स्ड जोडणीत दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या लागतात, त्यासाठी हेडफोन उघडून नवी वायरिंग करावी लागेल. साध्या ३.५ च्या पिनेला ४.४ चा जोड लावून तर कधीच वापरू नका, आउटपुट जळू शकतं. डॉन प्रोच्या ३.५ मिमीच्या भोकातून २ व्होल्ट मिळतात, तुमच्यासाठी तेवढेच कामाचे. आत सिरस लॉजिकच्या दोन सीएस४३१३१ चिप आहेत, त्याच चिपमध्ये हेडफोनचा अँपही असतो, वेगळा घ्यायला नको. हा घ्या.

आल्यावर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये तो डिव्हाइस निवडून ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. सीडीच्या फाइल्स जास्त ऐकत असाल तर फॉरमॅट २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. ड्रायव्हर शोधत बसू नका, विंडोजला या जातीचे डॅक २०१७ पासून आपोआप ओळखता येतात.

लक्ष्मीपुरी

खरेदीबद्दल. कोल्हापुरात हे दुकानात मिळणं अवघड, ऑनलाइनच मागवावं लागतं. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. शे-पाचशे रुपये वाचवून परदेशातून परस्पर आलेला माल घेतला तर बिघडल्यावर दाद कुठे मागणार? तुमच्या लॅपटॉपला यूएसबी-सी आहे का तेही बघा, नसेल तर सी-ते-ए असा छोटा जोड लागेल, तो मात्र राजारामपुरीत कुठेही मिळेल. फोनच्या दुकानात लटकवलेले दीडशे रुपयांचे ‘टाइप सी टू जॅक’ घेऊ नका. त्यातल्या काहींत डॅकच नसतो, लॅपटॉपवर ते वाजणारच नाहीत.

तानपुरा

एक काळजीची गोष्ट सांगते. २ व्होल्ट आले की आवाज वाढवायला भरपूर जागा मिळते आणि शांत आलापाच्या नादात आपण वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. ८० च्या वर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. डीटी ७७० बंद पाठीचा आहे, बाहेरचा आवाज अडवतो. रात्री कमी आवाजातही सगळं ऐकू येईल, सुरुवात अगदी खालून करा.

रंकाळवेस

ठरलं. डॉन प्रो मागवला, उरलेल्या पैशांतून दोन सीडी. ईक्यूची फाइल उतरवून ठेवली आहे. वायरमन शनिवारी येतोय.

कसबा_बावडा

लई भारी. येक ऱ्हायलं. २५० ओहमवाल्याची वायर गुंडाळीची आणि जड आसती. डोंगल हवेत लोंबकळत ठेवला तर त्या वजनानं लॅपटॉपचं यूएसबीचं भोक ढिलं हुतंय. डोंगल टेबलावर चिकटपट्टीनं बसव, न्हाईतर मधी हातभर एक्स्टेन्शनची वायर टाक. वायरमन आला की लॅपटॉपच्या सॉकेटजवळचं अर्थिंग तुझ्यासमोर मोजायला लाव आणि आकडा हितं टाक, बघून सांगतो.