कादंबरी नाकारली गेल्यावर परत बसून काय केलंत? अनुभव सांगा

माझ्यापासूनच सुरुवात करते. कादंबरी इंग्रजीत लिहिलीये, इचलकरंजीतल्या एका खर्चीवाल्या (म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्या) यंत्रमाग घराची, तीन पिढ्या, १ लाख ३५ हजार शब्द. लंडनच्या एका लिटररी एजंटला (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारी) क्वेरी लेटर म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र, सिनॉप्सिस म्हणजे कथेचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवली, अडीच महिन्यांनी तिने पूर्ण हस्तलिखित मागवलं (त्या दिवशी घरात श्रीखंड आणलेलं, आता आठवलं की लाज वाटते) आणि त्यानंतर चार महिन्यांनी तीन ओळींचा मेल. लिखाण छान आहे पण मी कथेच्या प्रेमात पडले नाही. संपलं. तेव्हापासून फाइल उघडलेली नाही. नवरा म्हणतो आहे तशीच दुसऱ्याला पाठव. मला आतून माहितीये की कुठेतरी गडबड आहे, पण कुठे ते सापडत नाही. ज्यांचं असं परत आलंय त्यांनी नंतर नेमकं काय केलं ते लिहा. सांत्वन नको, ते आई करतेय.

~

'प्रेमात पडले नाही' हे वाक्य मला अकरा जणांकडून आलंय, त्यातून अर्थ काढत बसू नकोस. मी न्यू जर्सीत असतो, नोकरी सांभाळून इंग्रजीत लिहितो. एजंट आपल्याकडून आधी पैसे घेत नाही, पुस्तक विकलं गेलं तरच साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुतेक २०, त्यामुळे हे आपण विकू शकू असं तिला मनापासून वाटल्याशिवाय ती हातच लावणार नाही. यात तुझ्या लिखाणाचा अपमान वगैरे काही नसतो. पण शब्दसंख्येचं बघ. पहिल्या कादंबरीला इकडे ८० हजार ते १ लाख चालतात, १ लाख ३५ म्हटलं की वाचायच्या आधीच कपाळाला आठी.

माझी चूक सांगतो. एकीने नाकारताना दीड पानाचं पत्र लिहिलं, मधल्या भागात नायिका नुसती बघत बसते, काही करत नाही, दुरुस्त केलंस तर परत पाठव. याला इकडे 'रिव्हाइज अँड रिसबमिट' म्हणतात आणि ते फार कमी जणांच्या वाट्याला येतं. मी एवढा हरखलो की पंधरा दिवसांत चार प्रसंग घुसडून पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं, ठिगळं दिसतायत. बरोबरच होतं तिचं. मग सहा महिने फाइल बंद. नंतर एका वहीत प्रत्येक प्रकरणासमोर एकच ओळ लिहायची ठरवली, 'हे प्रकरण संपताना काय बदललं'. ४२ प्रकरणांपैकी १७ प्रकरणांसमोर लिहायला काहीच सुचेना. कोण कुठे गेलं, काय खाल्लं, बाहेर बर्फ कसा पडत होता, एवढंच. ती १७ गेली. काही पुरती गेली, काही दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद होऊन राहिली. अजून एजंट मिळालेली नाही हो, उगाच गैरसमज नको, पण आता माझं पुस्तक निदान मला स्वतःला वाचावंसं वाटतं.

~

मराठीत एजंट ही भानगडच नाही म्हणा ना, थेट प्रकाशकाच्या दारात. माझं बाड कुरियरने 'साभार परत' आलं तेव्हा त्याला मी बांधलेल्या दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. माझी गाठ मी ओळखतो, मी सोसायटीत वजनकाट्यावर बसतो, पोत्यांच्या गाठी बघण्यातच दिवस जातो. म्हणजे उघडलंच नव्हतं. आठ दिवस नुसता संताप, मग आमच्या गावातल्या एका निवृत्त बाईंना वाचायला दिलं, त्या मुद्रितशोधनाची कामं घ्यायच्या. त्यांनी शुद्धलेखनाला हातच लावला नाही, फक्त समासात पेन्सिलीने तेवीस ठिकाणी लिहिलं, "हे कोण बोलतंय?" मला आधी कळेना, नाव तर लिहिलंय समोर. मग संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. कादंबरीतली सगळी माणसं बार्शीकडची, आणि भांडणात एक म्हातारी म्हणते, "तुझ्या या वर्तनाने मी अत्यंत व्यथित झाले आहे." आई तांदूळ निवडायची थांबली, म्हणाली, "आरं, ती म्हातारी हाय का तहसीलदार?"

तो अख्खा पावसाळा मी फक्त संवाद लिहिले. कथानकाला हात नाही, वर्णनाला नाही. आणि गंमत म्हणजे संवाद बदलले तशी वर्णनं आपोआप गळत गेली, कारण माणसं स्वतःच बोलायला लागल्यावर मी मधे कशाला? पुढे एका छोट्या प्रकाशकाने ३०० प्रती काढल्या. त्यातल्या साठेक अजून माझ्या कॉटखाली आहेत, कुणाला हव्या तर सांगा.

~

मी एक शब्द बदलला नाही. तिसऱ्या ठिकाणी तशीच्या तशी घेतली. असंही होतं, एवढंच सांगायचं होतं.

~

नकारानंतर मन हळवं असताना "अप्रतिम लिहिलंय, फक्त थोडा खर्च लेखकाने उचलायचा" असा फोन येतो, त्याला भुलू नका. माझे ८५ हजार गेलेत. नवऱ्याला अजून ६० च माहितीयेत.

~

माझं जरा वेगळं. माझ्या कादंबरीत वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचं प्रकरण होतं, सगळ्यात जीव ओतून लिहिलेलं. संपादनाचं काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, हे तू तुझ्यासाठी लिहिलंयस, कादंबरीचा याच्याशी संबंध नाही. दोन महिने बोलले नाही तिच्याशी. शेवटी उडवायची हिंमत होईना म्हणून 'कापलेलं' नावाची फाइल केली आणि ते उचलून त्यात टाकलं. टाकून दिलं नाही, हलवलंय फक्त, असं मनाला सांगितलं की हात चालतो. त्या फाइलीत आता तीस हजार शब्द आहेत. त्याच प्रकरणाची मी मे महिन्यात कथा केली आणि ती दिवाळी अंकात आली. कादंबरी अजून तशीच, चौथा खर्डा चालू आहे.

~

धागाकर्ती परत आलेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः तहसीलदार आजींचे. :)

वहीतला प्रकार काल रात्री करून बघितला. लाइट जाते, शेडमधले सगळे माग एकदम थांबतात आणि त्या शांततेत बाबा पहिल्यांदा कर्जाबद्दल बोलतात, हे काहीतरी बदलणारं पहिलं प्रकरण, आणि ते माझं नववं निघालं. त्याच्या आधी काय, तर आजीचं लग्न, पंजोबांनी पहिले दोन माग कसे घेतले, गावाचा इतिहास, आणि मागावर आडवा धागा नेणारा धोटा म्हणजे काय हे मी चार वेळा समजावून सांगितलंय. चार! तेही एवढ्या सौम्यपणे की जणू एजंटच समोर पाट मांडून बसलीये. आमच्या घरात कुणी कुणाला धोटा म्हणजे काय ते सांगत नाही, तो उडून लागू नये म्हणून फक्त बाजूला सरकतात.

तर पहिली आठ प्रकरणं आज सकाळी नव्या फाइलीत हलवली. नाव 'कापलेलं' च ठेवलंय, चालेल ना? आजीचं लग्न त्यात गेलं. ती दर रविवारी फोनवर विचारते, माझं लग्न छापून कधी येणार. या रविवारी फोन नवऱ्याला घ्यायला लावणारे.