पाच ठिकाणचे लॉगिन एकत्र करायचेत, सुरुवात कुठून करू?

लोटे_आयटी:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपचा लोट्याला केमिकल प्लांट, रत्नागिरीला मासळी प्रोसेसिंग आणि हेड ऑफिस, जयगडच्या बाजूला गोडाऊन, आणि आता कुडाळची एक कंपनी विकत घेतलीय. कुडाळवाले पूर्ण गूगल वर्कस्पेसवर, बाकी प्रत्येकाची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (स्टाफची खाती आणि पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सिस्टीम) वेगळी, ईआरपी (स्टोअर, खरेदी, हिशेबाचं सॉफ्टवेअर) वेगळं, पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं, गेटवरचं पंचिंग वेगळं. एकेका माणसाला पाच-सहा पासवर्ड, मग ते कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेले. गणपतीत अर्धा स्टाफ रजेवर, तेव्हा स्टोअरचं ईआरपी एकाच्याच लॉगिनवर चौघं चालवतात आणि नंतर माल कमी निघाला की एन्ट्री कोणी केली ते कळायला काही मार्गच नाही. साहेब म्हणतात सिंगल साइन-ऑन आणा, म्हणजे एकाच लॉगिनवर सगळं उघडेल, व्हेंडर डेमोवर डेमो देतोय. प्रॉडक्ट घ्यायच्या आधी काय करून ठेवू? आणि प्लांटमध्ये मोबाइल आत नेता येत नाही, मग ओटीपीचं काय?

वाशिष्ठीकाठ:
दादा, डेमो थांबवा आणि आधी माणसांची यादी नीट करा, खरंच सांगते, सगळं काम तिथेच आहे. एचआरचा एम्प्लॉयी नंबर हीच ओळख धरायची, नाव नाही. आपल्याकडे एका डिपार्टमेंटला तीन सावंत आणि चार कदम असतात, त्यातले दोघे पी. सावंत, आणि नावावरून जुळवायला गेलात की एकाचे अधिकार दुसऱ्याला जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची तर जुनी-नवी दोन-दोन खाती सापडतील. नंबर कधी बदलायचा नाही आणि सोडून गेलेल्याचा दुसऱ्याला द्यायचा नाही. मग माणूस लागला, बदली झाली, सोडून गेला, या तिन्ही गोष्टी एचआरमध्ये नोंदल्या की बाकी सिस्टीममध्ये आपोआप उतरल्या पाहिजेत. त्यासाठी स्किम (SCIM) नावाचं स्टँडर्ड आहे, त्याची २.० आवृत्ती २०१५ पासून आहे, व्हेंडरला विचारा तुमचं ईआरपी ते बोलतं का. बदलीकडे कोणी बघत नाही, स्टोअरमधून अकाउंट्सला गेलेला माणूस जुने अधिकार तसेच घेऊन जातो, आणि मग मालाची पावती आणि बिलाचं पेमेंट दोन्ही त्याच्याच हातात.
सोडून गेलेल्यांचं तर त्याच दिवशी बंद करा. २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइनमध्ये हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या पण चालू राहिलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडायच्या) खात्यातून, वर दुसरी पडताळणीही नव्हती, आणि काही दिवस इंधनाची अख्खी लाइन बंद पडली.

दर्यावर्दी_सिंधुदुर्ग:
ताईंशी सहमत. टेक्निकल बाजू सांगतो. सगळ्या डिरेक्टरी मोडून एक करायच्या भानगडीत लगेच पडू नका, त्यात वर्षं जातात. त्या आहेत तशा राहू देत, वरती एक आयडेंटिटी प्रोव्हायडर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारी एकच सिस्टीम, बसवा, तो खालच्या डिरेक्टरींना जोडला की ॲप्स फक्त त्यालाच विचारतील. ॲप्स त्याच्याशी ठरावीक स्टँडर्डने बोलतात: जुनी ॲप्स सॅमल (SAML) २.० बोलतात, ते २००५ चं, नवी ओपनआयडी कनेक्ट, ते २०१४ चं, आणि गूगल वर्कस्पेसही सॅमलने जोडता येतं म्हणजे कुडाळवाल्यांचं मेल हलवायला नको. बजेट कमी असेल तर कीक्लोक (Keycloak) हा आयडेंटिटी प्रोव्हायडर बघा, ओपन सोर्स आहे, पण सांभाळायला माणूस लागतो हे साहेबांना आधीच सांगा.
आणि पावसाळा विसरू नका! घाटात दरड आली की फायबर जातं, आणि लॉगिन रत्नागिरीच्या सर्व्हरवर टांगलेलं असेल तर प्लांट अडकला. प्रत्येक साइटवर डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं लॉगिन तिथल्या तिथे तपासणारा सर्व्हर) ठेवा, दोन इमर्जन्सी खाती काढून त्यांचे पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवा, आणि ती वापरली गेली की लगेच अलर्ट यायला हवा.

खाडीपट्टा:
ओटीपीचं उत्तर, यूएसबीसारखी छोटी सिक्युरिटी की किंवा टॅप करायचं कार्ड घ्या, फिडो२ (FIDO2) या पासवर्डशिवाय लॉगिनच्या स्टँडर्डवालं. मोबाइल लागत नाही, आणि खोट्या साइटवर ती चालतच नाही त्यामुळे फिशिंगची (फसवून लॉगिन काढून घेण्याची) भीती ओटीपीपेक्षा खूपच कमी. प्लांटमध्ये नेमकं कुठपर्यंत न्यायची ते सेफ्टी ऑफिसरला विचारून ठरवा. कंट्रोल रूमच्या एका पीसीवर तीन शिफ्टची माणसं असतात ना, तिथे कार्ड लावलं की आपलं सेशन, काढलं की लॉक, असं करा म्हणजे एका लॉगिनवर चौघं हा प्रकार मुळातच थांबेल. लॉगही (कोणी कधी काय केलं त्याच्या सिस्टीममधल्या नोंदी) एका जागी आणा, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवस ठेवायचेच आहेत.

लोटे_आयटी:
खूप आभार सगळ्यांचे, एचआरशी सोमवारीच बसतो. एक अडचण मात्र आहे, ठेकेदाराची माणसं एचआरच्या यादीत नसतातच, आणि शटडाऊनच्या (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतो त्या) काळात तीच जास्त असतात. त्यांची यादी कोणाकडून घेऊ?

वाशिष्ठीकाठ:
गेटवर सिक्युरिटीकडे मिळेल. गेटपासाशिवाय कोणी आत येत नाही, त्यामुळे तिथली यादी सगळ्यात ताजी. गेटपासाची मुदत तीच लॉगिनची मुदत ठेवा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तुमचा कायम नोकरीतला एक जबाबदार माणूस लिहून घ्या, मुदत वाढवायची तर त्याच्याच सहीने.