दावा, हेतू, पुरावा: युक्तिवादाच्या भागांना वर्गात काय म्हणावे?

धागाकर्ती (माध्यमिक शाळेत मराठी शिकवते)

नववी-दहावीच्या मुलांना एखादा वैचारिक उतारा देऊन त्याचे भाग ओळखायला शिकवते आहे. लेखकाला काय पटवून द्यायचे आहे, ते तो कशाच्या आधारावर सांगतो, विरोधी मत कुठे घेतो आणि त्याला काय उत्तर देतो, हे मुलांनी स्वतः शोधावे अशी इच्छा आहे. अडचण शब्दांची आहे. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांमुळे मुलांच्या तोंडी 'मुद्दा' हा एकच शब्द बसला आहे. मत हाही मुद्दा, कारण हाही मुद्दा, आकडेवारी हाही मुद्दाच. दुसरीकडे शिक्षकांसाठीच्या टिपणांत प्रतिपादन, समर्थन, प्रमाण, खंडन असे शब्द असतात. ते फळ्यावर लिहिले की मुले पाठ करतात, पण उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येत नाही. परीक्षेतल्या 'स्वमत' प्रश्नाची उत्तरे वाचताना हे फार जाणवते. 'मला असे वाटते की' या शब्दांनी उत्तर सुरू होते आणि तेच पुन्हा दोनदा सांगून संपते.

तुम्ही कोणते शब्द वापरता? आणि अशा लेखनाला 'मन वळवणारे' म्हणावे की 'पटवून देणारे'?

प्रतिसाद (संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक)

ताई, आपल्याकडे यासाठी पूर्ण शब्दसंच तयार आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. तुम्ही ज्याला भाग म्हणता त्याला 'अवयव' हा शब्दही तिथलाच.

मात्र यातले तीन शब्द आजच्या मराठीत जागचे हलले आहेत, हे मान्य करायला हवे. 'प्रतिज्ञा' म्हटले की मुलांना पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा आठवते. 'हेतू' म्हणजे आज उद्देश, 'त्यामागचा त्याचा हेतू काय?' या अर्थाचा. आणि 'उदाहरण' म्हणजे गणिताच्या तासाला सोडवायचे ते. म्हणून हे शब्द आठवीनववीत थेट आणू नयेत. पण शिक्षकाला ते माहीत असावेत, कारण 'उपनय' नावाची पायरी इतर कुठल्या यादीत सहसा वेगळी दाखवलेली नसते आणि मुले नेमकी तीच गाळतात.

प्रतिसाद (गणित शिक्षक)

मराठी माध्यमाच्या मुलांना भूमितीत पक्ष, साध्य आणि सिद्धता हे शब्द येतात. दिलेले काय, सिद्ध काय करायचे आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. ही सवय त्यांना आधीच आहे, मराठीच्या तासाला फक्त तिची आठवण करून द्या. 'साध्य' हा शब्द मला 'प्रतिपादन'पेक्षा सोपा वाटतो.

धागाकर्ती

सर, 'साध्य' चांगला आहे. पण 'पक्ष' घेता येणार नाही, वादविवादात त्याचा अर्थ 'बाजू' होतो आणि घरी राजकीय पक्ष. शिवाय भूमितीतले साध्य एकदा सिद्ध झाले की संपले, तिथे दुसऱ्या बाजूला जागा नसते. शाळेला शनिवारी सुट्टी असावी का, यावर दोन शहाणी माणसे वेगळे बोलू शकतात.

प्रतिसाद (वकील, जिल्हा न्यायालय)

'दावा' या शब्दाबद्दल सावध करतो. आमच्याकडे दावा म्हणजे दिवाणी खटला, तो 'लावतात' किंवा 'दाखल करतात'. खेड्यातल्या मुलाने हा शब्द बहुधा जमिनीच्या भांडणातच ऐकलेला असतो. वर्तमानपत्रात त्याची आणखी एक छटा आहे. 'असा दावा त्यांनी केला' असे बातमीदार लिहितो तेव्हा तो स्वतः त्याची खात्री देत नसतो. म्हणजे शब्दातच थोडा संशय आहे, आणि वर्गात प्रत्येक लेखकाच्या मताला दावा म्हटले तर तो संशय सगळ्यांवर सारखाच पडेल.

न्यायालयातच एक साधा मराठी शब्द रोज वापरला जातो: 'म्हणणे'. प्रतिपक्षाला आपले म्हणणे सादर करायला सांगतात. तोच घ्या.

तसेच पुरावा आणि दाखला वेगळे ठेवा. पुरावा याच प्रकरणातला असतो: साक्षीदार, कागद, वस्तू. दाखला दुसऱ्या प्रकरणातला, पूर्वी असेच घडले होते आणि तेव्हा असे ठरले होते हे सांगणारा. युक्तिवाद या दोन्हींहून निराळा. आधी साक्षीपुरावा होतो, मग त्यावर युक्तिवाद. पुरावा स्वतः काही बोलत नाही, त्यातून काय निघते हे सांगणे म्हणजे युक्तिवाद.

प्रतिसाद (अध्यापक विद्यालयात भाषा शिकवतो)

वकीलसाहेबांचे 'म्हणणे' मला फार आवडले. त्यापुढे माझे मत मांडतो: नामे कोणती हा प्रश्न दुसरा. आधी प्रश्न शिकवावेत, कारण मराठीत यासाठी अत्यंत नेमके प्रश्नार्थक शब्द आहेत आणि मुले ते लहानपणापासून वापरतात.

सर्वांत महत्त्वाचा फरक 'का' आणि 'कशावरून' यांतला. 'रस्ता ओला का आहे?' याचे उत्तर 'पाऊस पडला म्हणून'. 'पाऊस पडला कशावरून?' याचे उत्तर 'रस्ता ओला आहे त्यावरून'. तीच दोन वाक्ये, पण नाते उलटे. पहिले कारण घटना घडवते, दुसरे ती घडल्याचे आपल्याला कळवते. जुन्या शास्त्रकारांनी यालाच कारक हेतू आणि ज्ञापक हेतू म्हटले. वरच्या प्रतिसादातला धूर हा ज्ञापक आहे, धुरामुळे आग लागत नाही. शाळेत मात्र विज्ञानात 'शास्त्रीय कारणे लिहा', भूगोलात 'भौगोलिक कारणे लिहा', इतिहासात 'सकारण स्पष्ट करा' असे सगळीकडे 'का'चेच राज्य आहे. 'कशावरून' हा प्रश्न उत्तरपत्रिकेत क्वचितच येतो. म्हणून मुलांना कारण देता येते, पुरावा देता येत नाही. दोन्हींना ती 'कारण'च म्हणतात.

वाक्ये जोडणारे शब्दही मदतीला येतात. 'कारण' या शब्दाच्या आधी म्हणणे असते, नंतर आधार. 'म्हणून' आला की क्रम उलटतो. आणि 'ज्या अर्थी... त्या अर्थी' ही जोडी तर खास पुराव्यासाठीच घडवल्यासारखी आहे: ज्या अर्थी दाराला कुलूप आहे, त्या अर्थी घरात कोणी नाही. मुलांना उताऱ्यातली दोन वाक्ये या जोडीत बसवून पाहायला सांगा. बसली तर एक पुरावा आहे, दुसरे त्यातून काढलेले अनुमान. 'यावर कोणी म्हणेल', 'हे खरे असले तरी', 'मान्य, पण' हे शब्द दिसले की आक्षेप आला असे समजावे.

एक सराव देतो. विषय दहावीच्या मागणीपत्रासारखाच, आगार व्यवस्थापकांना लिहिलेला. संध्याकाळची पाचची एसटी साडेपाचला सोडावी. शाळा पाचला सुटते आणि स्थानक चालत वीस मिनिटांवर आहे. मुख्याध्यापकांनी गावातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी सोबत जोडली आहे. अर्ध्या तासाच्या उशिराने पुढच्या गावच्या प्रवाशांची गैरसोय होईल असे वाटेल, पण त्यांना त्याच मार्गावर पावणेपाचची दुसरी गाडी आहे. मुले म्हणणे चटकन शोधतात. 'शाळा पाचला सुटते' याला कारण म्हणतात, तेही बरोबर. यादी हा पुरावा. 'असे वाटेल' इथे आक्षेप, 'पण'नंतर उत्तर. मग विचारायचे: या अर्जात न लिहिलेले काय आहे? कुणीतरी बरोबर सांगते की एसटीने विद्यार्थ्यांची सोय बघितली पाहिजे, हे लिहिणाऱ्याने धरूनच चालले आहे. त्याला आम्ही 'गृहीत' म्हणतो. 'गृहीत धरणे' हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे समजावत बसावे लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणून खरा, वजनदार मजकूर घ्यावा. मी जोतीराव फुल्यांचे हंटर शिक्षण आयोगापुढचे १९ ऑक्टोबर १८८२ चे निवेदन घेतो. मूळ इंग्रजीत आहे, वर्गात मराठी अनुवाद वापरतो. म्हणणे स्पष्ट आहे: सरकारने सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे आणि ते निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. कारण असे की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. पुरावा म्हणून ते सांगतात की मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काही सोय नाही. हा आकडा देताना ते 'असे म्हटले जाते' अशी जोडही देतात. आकडा आपण मोजलेला नाही हे लेखक प्रामाणिकपणे सांगतो, ते मुलांच्या नजरेस आणून द्यावे. पुराव्याचे वजन ओळखायला शिकवायची ही फार चांगली जागा आहे.

आणि आक्षेप? त्या काळचे सरकारी धोरण असे होते की वरच्या वर्गाला शिकवले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल. फुले ते मत टाळत नाहीत, समोर घेतात आणि विचारतात की हे कोणत्या आधारावर म्हणता? तुमच्या शिकलेल्यांनी आपल्या अडाणी बांधवांसाठी कुठे वर्ग काढले, की ज्ञान स्वतःजवळच ठेवले? म्हणजे प्रश्न तोच, 'कशावरून?' हा भाग त्यांनी आपल्या 'गुलामगिरी'च्या इंग्रजी प्रस्तावनेतून निवेदनात घेतला आहे. दुसरी अडचणही ते स्वतःच मांडतात: गरीब शेतकऱ्याला मुलगा गुरांमागे आणि शेतात लागतो, म्हणून तो शाळेत येत नाही. त्यावर त्यांची तोड अशी की शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत. इथे मुलांना विचारतो, हा आक्षेप पहिल्यासारखाच आहे का? नाही. पहिला खोडून काढला आहे, दुसरा मान्य करून त्यावर उपाय सांगितला आहे. दोन्हींना 'उत्तर' म्हणता येईल, पण जात वेगळी.

'रयतेच्या कपाळाचा घाम' अशी शब्दयोजना त्या निवेदनात आहे. ती कारणात धरायची की पुराव्यात, यावर वर्गात दरवेळी चांगली चर्चा होते. माझे उत्तर असे की महसूल कोण भरतो हे कारण, 'घाम' हा शब्द भावनेला हात घालतो. त्याखाली वेगळी खूण करावी. तो दोष आहे असे मात्र शिकवू नये, कारण इथे भावना खऱ्या वस्तुस्थितीवर उभी आहे.

प्रतिसाद (महानुभाव साहित्याच्या अभ्यासक)

प्राध्यापकांनी 'उपनय' गाळला जातो असे लिहिले, त्यावर थोडी भर. मराठीत याची तेराव्या शतकातली परंपरा आहे. केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त प्रत्येक ठिकाणी आधी चक्रधरांचे सूत्र येते, मग दृष्टांताची छोटी गोष्ट, आणि मग दार्ष्टांतिक. म्हणजे गोष्टीतली कोणती बाब मूळ सूत्रातल्या कोणत्या बाबीला लागू पडते, हे उलगडून सांगणे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही तिथे आहे. निबंधात मुले गोष्ट सांगतात आणि परिच्छेद संपवतात, ती आपल्या म्हणण्याला कशी लागते हे सांगतच नाहीत. 'दार्ष्टांतिक' शब्द वर्गात जड जाईल, पण 'मग ते इथे कसे लागू पडते?' हा प्रश्न जड नाही.

दृष्टांत हा पुरावा नव्हे, हेही सांगावे. दृष्टांताने समजते, पुराव्याने ठरते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. माझा फळा आता असा होतो. म्हणणे: काय म्हणतो? कारण: का? पुरावा: कशावरून? दाखला किंवा दृष्टांत: कशासारखे, आणि ते इथे कसे लागू पडते? गृहीत: न सांगता काय धरले आहे? आक्षेप: कोणी काय म्हणेल? उत्तर: त्यावर काय? प्रश्न आधी लिहीन, नाव नंतर, तेही मुलांनी उताऱ्यात वाक्य शोधून दाखवल्यावर.

दोन गोष्टी राहिल्या. 'मन वळवणे' की 'पटवून देणे' यावर कोणी लिहिले नाही. आणि फुल्यांच्या उताऱ्यातली जी दोन प्रकारची उत्तरे सरांनी दाखवली, त्यांना वेगळी नावे आहेत का?

प्रतिसाद (अध्यापक विद्यालयात भाषा शिकवतो)

'पटवून देणे'. मन रडूनही वळवता येते, आर्जवानेही वळते. 'गळी उतरवणे' यात जबरदस्ती आहे. 'पटवून देणे' यात समोरच्याने विचार करून होकार द्यायचा असतो, म्हणून कारण आणि पुरावा त्या शब्दातच येतात. नुसते 'पटवणे' मात्र लिहू नका, दहावीच्या वर्गात त्याचा दुसराच अर्थ निघतो.

आक्षेप चुकीचाच आहे असे दाखवले तर 'खंडन'. 'खोडून काढणे' हे त्याचे बोलीतले रूप. आक्षेप खरा मानून वाट काढली तर त्याला मी 'तोड' म्हणतो, 'यावर काय तोड?' या अर्थाने. 'प्रतिवाद' दोन्हींना चालतो, म्हणून तो शब्द मथळ्यापुरता ठेवावा. झिरपण्याच्या सिद्धान्ताचे खंडन आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलासाठी शिष्यवृत्तीची तोड, असे मुलांनी वेगवेगळे लिहिले तर तो उतारा त्यांना कळला असे मी समजतो.