मदत हवी आहे: आईची गेफिटिनिब चालेनाशी झाली, टी७९०एम म्हणजे काय ते कुणी समजावून सांगाल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कळव्याला राहतो. आई ६३ वर्षांची. जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही, तरी गेल्या वर्षी फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. बायोप्सीत 'ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन' आलं, म्हणून केमोऐवजी रोज २५० मिलिग्रॅमची गेफिटिनिब सुरू केली. चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ आलं, नखांच्या कडा दुखायच्या, पण दोन महिन्यांत खोकला थांबला आणि आई पुन्हा स्वतः भाजी आणायला जाऊ लागली.

१४ महिने चांगले गेले. आताच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसतेय. डॉक्टरांनी टी७९०एम बघायला रक्ताची लिक्विड बायोप्सी लिहून दिली आहे. ओपीडीत मागे एवढी माणसं ताटकळत होती की मला पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. गोळी घेतली की आई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात पेनाने बरोबरची खूण करते. गणपतीत राजापूरला गेलो तेव्हा गोळ्यांची पट्टी इथेच फ्रिजवर राहिली. तीन चौकोन कोरे. स्कॅन आल्यापासून ती तेच पान काढून बसते आणि म्हणते, "माझ्याच हातानं झालं रे." मी नाही म्हणतो, पण का नाही ते मला सांगता येत नाही. हा टायरोसिन कायनेज प्रकार तिला कळेल असा कसा सांगू? आणि रक्ताच्या तपासणीवर विसंबायचं, की पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागेल?

— कळवेकर

प्रयोगवही:

मी नवी मुंबईत लॅबमध्ये याच तपासण्या करते. डॉक्टर नाही, पण हे नक्की सांगू शकते.

सोसायटीचा पंप डोळ्यांपुढे आणा. टाकी रिकामी झाली की चालू, भरली की बंद. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं तसंच बटण. बाहेरून वाढीचा निरोप आला की त्याचा आतला भाग, म्हणजे कायनेज, एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूकडून फॉस्फेट घेऊन टायरोसिन या अमिनो आम्लावर चिकटवतो. ती खूण बघून पुढची प्रथिनं 'विभागणी करा' हा हुकूम केंद्रकापर्यंत नेतात. काम झालं की बटण बंद. आईच्या गाठीत एक्झॉन १९ डिलीशन या जनुकातल्या बदलामुळे ते चालूच अडकलंय. एटीपी ज्या खाचेत बसतं तिथे गेफिटिनिब जाऊन बसते आणि पंप थांबतो.

टी७९०एम म्हणजे त्या खाचेत ७९० व्या जागी थ्रिओनिन जाऊन मेथिओनिन येणं. मग एटीपी तिथे पूर्वीपेक्षा घट्ट बसतं आणि गोळीला शिरकाव मिळत नाही. रोज न चुकता गोळी घेणाऱ्यांतही हे होतं, साधारण वर्षभराच्या आसपास. औषध बाकीच्या पेशी मारतं, हा बदल असलेल्या टिकतात आणि त्याच वाढतात. म्हणजे हे औषध लागू पडत असतानाच घडतं. राजापूरच्या तीन दिवसांवर याचं खापर फोडू नका. आईंना हे नक्की सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

गेफिटिनिबनंतर गाठ वाढलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत टी७९०एम सापडतो. सापडला तर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी चालते, ती खाचेच्या कडेला ७९७ व्या जागी कायमची चिकटते. रक्तात सापडला तर सहसा तेवढं पुरतं. नाही सापडला तर मात्र 'नाहीच' असं धरू नका, गाठीतला डीएनए रक्तात पुरेसा उतरलेला नसतो. अशा वेळी तुकडा काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

वाशीकर_७१:

कळवेकर, आई ॲसिडिटीची गोळी घेतात का? माझ्या भावाला पँटोप्राझोल बंद करायला सांगितलं होतं, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब नीट शोषली जात नाही. डॉक्टरांना न विचारता काही बदलू नका, पण विचारा नक्की. ओसिमर्टिनिब महाग आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क माफ झालंय, तरी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधीच जाऊन मदतीचं विचारा, कागद जमवण्यात दिवस जातात. दुसरं मत हवं असेल तर खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, ठाण्याहून पनवेल गाडीने थेट जाता येतं.

कळवेकर:

दोघांचे मनापासून आभार. पंपाचं आईला काल रात्री सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, "म्हणजे ती गोळी तेव्हा काम करत होती ना?" मी हो म्हटलं. ती पँटोप्राझोल घेतेय, रोज सकाळी, मला हे माहीतच नव्हतं. सोमवारी रक्त द्यायला जातोय तेव्हा आधी तेच विचारतो. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.